एक जूनची माणसं

कापडावर काहीच नव्हतं. महाराजांच्या शिष्यानं ते पांढरं कापड दोन्ही हातांनी ताणून मंडपभर फिरवलं. पुढं बसलेल्या बायकांनी हात लावून बघितलं. बंजारा तांड्याचे प्रमुख, नाईक नेमसिंग यांनी तर ते उजेडाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि माइकमध्ये तोंड घालून जाहीर केलं, "कोरं हाय. मी सोता बघितलं. बराबर कोरं हाय."

दिननाथ महाराजांनी डोळे मिटले. पितळी तांब्यातलं हळदीचं पाणी ओंजळीत घेतलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि कापडावर शिंपडलं. कापड पिवळं झालं. त्या पिवळ्यातून लालसर अक्षरं वर यायला लागली. आधी एक आकडा, मग 'जू', मग 'न'.

"एक जून!" शिष्य ओरडला.

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. साखरा गावाच्या आसपासच्या तांड्यांवरून, वाड्यांवरून माणसं ट्रॅक्टर भरभरून आली होती. सोयाबीन निघालेलं, हरभरा पेरून झालेला, माणसाला जरा उसंत होती. उसंत असली की माणूस चमत्कार बघायला जातो, आणि चमत्कारवाल्यांनाही उसंतीचे महिने बरोबर ठाऊक असतात.

"या तारखेची माऊली आज माझ्यासमोर बसलेली आहे," महाराज म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "मला दिसतंय... हिरवं लुगडं... डावा डोळा अंधारलाय... न... ना... नानी!"

नानीबाई दचकल्या. शेजारणींनी त्यांना ढकलतच पुढं नेलं. साठीची, काटक, हातभर बांगड्या घातलेली बाई. डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू दुरूनसुद्धा पांढरा दिसायचा. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं.

"आई, तुझी जन्मतारीख?"

"आधार कार्डावर हाय जी. एक जून."

पुन्हा टाळ्या.

आता महाराजांची गाडी सुटली. "तारीख म्हणजे काय? तारीख म्हणजे काळाची खिडकी! त्या खिडकीतून जे जे गेले, जे जे आले, त्यांची शक्ती त्या तारखेच्या माणसात उतरते! एक जूनला काय झालं? आपल्या महाराष्ट्रात पहिली एसटी धावली, पुण्याहून अहमदनगरला! डेक्कन क्वीनही याच तारखेला सुटली! म्हणजे काय? बंद पडलेलं चालू करणारी ही तारीख! याच दिवशी एक मोठी सिनेनटी जन्मली. म्हणजे काय? सौंदर्याची तारीख! याच दिवशी नेपाळच्या राजाचं कुटुंब महालात मारलं गेलं. म्हणजे काय? या तारखेचा अपमान करील, त्याचं राजवैभवसुद्धा टिकायचं नाही!"

प्रत्येक 'म्हणजे काय' नंतर माणसं मान डोलवत होती. एसटी आणि डोळा यांचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही.

"आणि ऐक माऊली, याच एक जूनला, एकोणीसशे शहाऐंशी साली, अमेरिकेत एक थोर माता देह ठेवून गेली. लहानपणीच आंधळी, लहानपणीच बहिरी. डोळे मिटलेले असतानाही जिनं जगाला पाहायला शिकवलं! ती जोत या तारखेत आहे. ती तुझ्यात आहे! तुझ्या डोळ्याला सुरी लागली, तर ती जोत विझेल. सुरी लावू नकोस. हे दृष्टिजल घे."

मंडपाच्या मागच्या बाजूला, पुरुषांच्या घोळक्यात उभा असलेला एक माणूस या वाक्यानं जागच्या जागी थिजला. तो नानीबाईंचा थोरला मुलगा, देविदास. तांड्यातला पहिला एम.ए., हिंगोलीत कॉलेजवर इतिहास शिकवणारा. सुटीला म्हणून घरी आला होता आणि आईनं आग्रह केला म्हणून मंडपात.

डोळे मिटलेले असतानाही जिनं जगाला पाहायला शिकवलं.

हे वाक्य त्याचं होतं. शब्दन् शब्द त्याचं.

देविदास रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी मोबाइलवर 'आजचा दिनविशेष' लिहून ग्रुपवर टाकायचा. त्या दिवशी घडलेल्या घटना, जन्म, मृत्यू. मुलांना इतिहासाची गोडी लागावी म्हणून सुरू केलेलं. ग्रुपची लिंक कुणालाही उघडी होती. मुलं काही वाचत नसत, पण त्याला लिहायला आवडायचं, आणि एखाद्या नोंदीवर एखादं सजवलेलं वाक्य टाकलं की दिवस बरा जायचा. हे वाक्य त्यानं गेल्या एक जूनला असंच सजवून टाकलं होतं.

आणि त्यात एक चूकही केली होती. ती बाई वारली १९६८ साली. टाइप करताना त्याच्याकडून आकडे उलटे पडले आणि १९८६ झालं. संध्याकाळी लक्षात आलं. पण कुणी वाचतंय कुठं, असं म्हणून त्यानं तसंच ठेवलं होतं. आता ती चूक माइकवरून, दिव्यदृष्टीनं, शेकडो माणसांना ऐकवली जात होती.

काळाच्या खिडकीतून बघणाऱ्याला त्याच्या मोबाइलमधली टायपिंगची चूक कशी दिसली?

देविदासला सगळं एका क्षणात कळलं. मंडपाच्या तोंडाशी टेबल होतं. तिथली पोरं 'सुरक्षेसाठी' म्हणून प्रत्येकाचं आधार कार्ड बघत होती, फोटो काढत होती, 'तकलीफ काय?' म्हणून आपुलकीनं विचारत होती. नाव, तारीख, डोळा, लुगड्याचा रंग, सगळं तिथूनच आत गेलं होतं. महाराजांच्या समोरच्या चौरंगावर भगवं वस्त्र होतं आणि महाराज डोळे मिटण्याआधी दरवेळी त्या वस्त्राच्या आत बघत होते. आणि आणखी एक: १९८६ साली देविदास एक वर्षाचा होता. ती थोर माता तेव्हा वारली असेल आणि तिची जोत नानीबाईत उतरली असेल, तर ती जन्मावेळी नव्हे, वीस वर्षांनी, आणि उतरताना नानीबाईंच्या कडेवर तो स्वतः होता.

एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

पण नेमसिंग नाईक माइकजवळ होते, आणि ते त्याच्या वडिलांच्या जागी. त्यांनीच शब्द टाकून त्याला वसतिगृहात जागा मिळवून दिली होती. मंडपात सगळे सोयरे होते. चार बुकं शिकला आणि देवाधर्माला नावं ठेवायला लागला, असं म्हणतील. शिवाय खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, आणि तिची लाज त्याला पुढं सगळ्यात जास्त वाटली. आपलं वाक्य माइकवरून ऐकताना आणि त्यावर बायकांना डोळे पुसताना बघून त्याला आत कुठंतरी बरं वाटलं होतं.

तो गप्प राहिला.

संध्याकाळी नानीबाई चुलीपुढं बसल्या होत्या. दृष्टिजलाची इवलीशी बाटली पदराच्या गाठीला. चेहरा उजळलेला. ऑपरेशनची त्यांना आधीपासूनच भीती होती. आता ती भीती पुण्याईची झाली होती.

"देवा," त्यांनी लेकाला विचारलं, "अशी बाई खरंच व्हती का रं? आंधळी, अमेरिकेची?"

"होती याडी," देविदास म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"खरंच?"

"होती. लई मोठी बाई होती."

हे खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं, आणि ते पुरेसं वाईट निघालं. नानीबाईंना महाराजांच्या बोलण्याबद्दल जी थोडीफार शंका होती, ती त्यांच्या प्रोफेसर मुलानं त्या एका उत्तरानं पुसून टाकली.

धाकटा दिपक शेती बघायचा. तो ओसरीतून म्हणाला, "भिया, मंग त्या ऑपरेशनचं काय करायचं?"

"बघू," देविदास म्हणाला. "थोडे दिवस जाऊ दे." आणि सकाळच्या एसटीनं तो हिंगोलीला निघून गेला.

काही आठवड्यांनी दिपकचा फोन आला तेव्हा देविदास वर्गात होता. त्यानं तास सोडला.

"भिया, याडीचा डोळा लाल झाला. पू येऊन राहिला. ती म्हणती, जोत पेटून राहिली म्हणून जळजळतंय."

"किती दिवस झाले?"

"लई झाले. मी म्हणत व्हतो तुला फोन करतो, ती म्हणली देवाला, म्हंजी तुला, ठावं हाय समदं, त्यानंच सांगितलं ती बाई खरी व्हती."

"तिला आत्ताच्या आत्ता हिंगोलीला घेऊन ये," देविदास म्हणाला.

हिंगोलीतल्या डॉक्टर इशरत बाईंनी नानीबाईंना खुर्चीत बसवलं आणि डोळ्यावर उजेड टाकला. मग त्यांनी बाटली मागितली. वास घेतला. "यात मध आहे. कांद्याचा रस आहे. आणि किती दिवसांचं पाणी आहे, कोण जाणे. रोज हे घातलं?"

"सकाळ-संध्याकाळ," दिपक म्हणाला.

"बुबुळाला जखम होऊन आतपर्यंत पू गेलाय. हा डोळा वाचत नाही. काढावा लागेल, नाहीतर त्रास मेंदूपर्यंत जाईल." मग त्या दोघा भावांकडे वळल्या. "साधा मोतीबिंदू होता. मी स्वतः तपासला होता. आले असते तर दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली असती आणि त्यांनी सुईत दोरा ओवला असता. घरात कुणी शिकलेलं नाही का?"

दिपकनं मान खाली घातली आणि भावाकडे बोट केलं. "हे पोफेसर हायेत जी. हिस्ट्रीचे."

डॉक्टर इशरत यांनी भरतीचा कागद लिहायला घेतला. त्या रागावल्या असत्या तर देविदासला बरं वाटलं असतं.

दवाखान्यात भरती करताना परिचारिकेनं जन्मतारीख विचारली. देविदास सांगणार, एवढ्यात खाटेवरून नानीबाईच बोलल्या, "कार्डावर एक जून हाय. पर माजी याडी म्हणायची, मी जल्मले तवा जवारी हुरड्यात व्हती. थंडी अशी की बाळंतिणीजवळ रातभर शेगडी ठेवली व्हती."

देविदास चमकला. हुरडा म्हणजे पौष, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. एक जूनला उन्हानं माती तापलेली असते. तेव्हा बाळंतिणीजवळ शेगडी कोण ठेवील? तो इतिहासाचा माणूस. शेकडो माणसांच्या जन्माच्या तारखा त्याला पाठ. आपली आई कधी जन्मली हे त्यानं चाळीस वर्षांत तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मग एक जून कुणी लिहिलं?"

"उत्तमराव गुरुजींनी. तांड्यावर येऊन पोरं गोळा करायचे. मला बी नेलं व्हतं. चार महिने गेले साळंत."

तेवढ्यात दिपक नळावरून आला. आईच्या बदललेल्या लुगड्याच्या पदरावर वरणाचा मोठा डाग पडला होता, तो साबण लावून धुवून आणलेला. पदर ओला होता आणि पिवळा डाग होता तिथं लालभडक झाला होता.

"हे काय?" देविदासनं पदर हातात धरला.

"हळद हाय, भिया. साबण लागला की लाल व्हती. उन्हात टाकला की जातंय." दिपकला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. कुणालाच वाटलं नसतं. धुणं धुणारी प्रत्येक बाई हे रोज बघते. मंडपात पुढं बसलेल्या, कापडाला हात लावून बघणाऱ्या आणि मग हात जोडणाऱ्या प्रत्येक बाईनं हे आपल्या घरच्या धुण्याच्या दगडावर पाहिलेलं होतं.

त्या दुपारी नानीबाईंचा डोळा काढला.

संध्याकाळी त्या शुद्धीवर आल्या. देविदास जवळ बसला होता. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि मग थांबता आलं नाही. ग्रुपचं सांगितलं, वाक्याचं सांगितलं, उलट्या आकड्यांचं सांगितलं.

"म्हंजी तुला तितंच कळलं व्हतं?" नानीबाईंनी विचारलं.

"हो."

"मंडपातच?"

"हो याडी."

"मंग काहून बोलला न्हाईस?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

नाईकाची, सोयऱ्यांची, असं म्हणता आलं असतं. पण आई पट्टी बांधलेला चेहरा त्याच्याकडे करून पडलेली होती आणि त्या चेहऱ्यापुढं ती सगळी माणसं एकाएकी फार लहान झाली होती. त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं.

नानीबाईंनी पाय ओढून घेतला. "माज्या पाया नको पडू. तितं जाऊन सांग. अजून लई बायांच्या हाती त्या बाटल्या हायेत."

उत्तमराव गुरुजी आता शहात्तर वर्षांचे होते. साखऱ्यातल्याच घरात, ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले असत. देविदासनं त्यांना सगळं सांगितलं.

"तुझ्या आईचा डोळा माझ्या तारखेनं गेला म्हण की," ते म्हणाले.

"तसं नव्हं, गुरुजी."

"तसंच आहे. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. जूनमध्ये शाळा भरायची. पहिलीत घालायला सहा वर्षं पुरी पाहिजेत, आणि तांड्यावर कुणाला तारीख ठाऊक नाही. मग एक जून लिहिलं की पोर बरोबर बसायचं. एकाला लिहिलं, दुसऱ्याला लिहिलं, मग सवयच झाली. मीच काय, आमच्यातले कितीतरी मास्तर तेच करत. आई जवळच उभी असायची. तिला विचारलं असतं तर पोळा, दिवाळी, हुरडा, काहीतरी तिनं नक्की सांगितलं असतं. विचारलंच नाही." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "चल, कधी आहे त्यांची पुढची सभा?"

पुढची सभा कनेरगाव नाक्याला होती. रस्त्यालगतच्या ढाब्यामागं मोठा मंडप घातला होता. नेमसिंग नाईक पुढंच होते. त्यांनीच तांड्यावरचे ट्रॅक्टर आणले होते. देविदास एका हातानं गुरुजींना आणि दुसऱ्या हातानं आईला धरून आत आला. दिपक मागं. टेबलावरच्या पोरानं आधार कार्ड मागितलं तेव्हा देविदास म्हणाला, "माझं तुमच्याकडं आहेच."

शिष्यानं पोत्यातून काढलेलं पुन्हा तसंच कोरं कापड, तीच हळद. लालसर अक्षरं आली: १ जून. महाराजांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "याच एक जूनला, एकोणीसशे शहाऐंशी साली..."

"अडुसष्ट साली," देविदास मोठ्यानं म्हणाला.

माणसं वळून बघायला लागली.

"अडुसष्ट साली वारली ती बाई, महाराज. शहाऐंशी ही माझी चूक आहे. मी गेल्या एक जूनला मोबाइलवर लिहिताना केलेली. तुम्ही माझ्या ग्रुपवरचं वाचून बोलता. तुमच्या सभेच्या पत्रकावर छापलेला शिष्याचा नंबर त्या ग्रुपवर आहे. माझ्या प्रत्येक पोस्टला रोज नेमानं हात जोडतो. मला वाटायचं, एक तरी वाचक भक्तिभावानं वाचतोय."

कुणीतरी हसलं. महाराज हसले नाहीत. "हा बालक शंकेनं ग्रासलाय. ज्ञानाचा अहंकार—"

"असेल. पण महाराज, आणखी एक सांगा." देविदास मंडपाकडे वळला. "ज्यांच्या आधार कार्डावर एक जून आहे, त्यांनी हात वर करा."

आधी चार-दोन हात वर झाले. मग आजूबाजूला बघत आणखी. मग हात थांबेचनात. मंडपातली पन्नाशीच्या पुढची निम्मी-अधिक माणसं हात वर करून बसली होती आणि एकमेकांकडे बघत होती. नेमसिंग नाईकांचाही हात वर होता.

"यातल्या कुणाची एसटी सुरू झाली?" मागून एकजण ओरडला आणि हशा पिकला.

उत्तमराव गुरुजी काठी टेकत पुढं झाले. "हसू नका. ती तारीख देवानं नाही, मी लिहिली. या मंडपातल्या कितीतरी जणांची मी लिहिली. नेमसिंग, तुझीसुद्धा. तुझ्या बापाला विचारलं तर तो म्हणाला, ज्या साली म्हशीला जुळी रेडकं झाली त्या साली पोरगं झालं. मला हिशोब जमेना, मी एक जून टाकलं. जे शाळेत आले नाहीत त्यांना कार्ड काढताना एक जानेवारी टाकलं. म्हणून यांच्या पोत्यात दोनच तारखांची कापडं असणार. बघा पाहिजे तर."

दिपक पोत्याकडे वळला तसा शिष्य पोतं उचलून पाठीमागं सरकला. पण चार माणसांनी त्याला धरलं. पोतं उघडलं. घडी घातलेली कोरी कापडं, दोन वेगळ्या गठ्ठ्यांत. त्यांच्यावर हळदीचं पाणी पडलं तसं एका गठ्ठ्यावर सगळीकडे '१ जून' आणि दुसऱ्यावर सगळीकडे '१ जानेवारी'. चौरंगावरचं भगवं वस्त्र बाजूला झालं. त्याच्या आत मोबाइल होता, आणि त्यात सकाळपासून काढलेले आधार कार्डांचे फोटो.

देविदासनं खिशातून आपला पांढरा रुमाल काढला आणि नेमसिंग नाईकांच्या हातात दिला. "नाईक, बघा, कोरा आहे का?"

नाईकांनी बघितलं. "कोरा हाय," ते म्हणाले. आवाजात मागचा जोर नव्हता.

"शिंपडा पाणी."

नाईकांनी शिंपडलं. लालसर अक्षरं आली: '३१ जून'.

मंडपाला समजायला जरा वेळ लागला. मग एक बाई म्हणाली, "आगं, जूनला एकतीस नसतंयच की!"

"नसतंय," देविदास म्हणाला. "ही तारीख जगात कुणाचीच नाही. तिच्यात कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही. तरी आली, कारण काल मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं ती लिहिली आणि वाळवली. सोडा वाळला की दिसत नाही. हळद लागली की लाल होतो. तुम्ही सगळ्यांनी हे घरी हजार वेळा बघितलंय. आणि कॅलेंडरातली कुठलीही तारीख घ्या. तिच्यावर कुणीतरी मोठा माणूस जन्मलेला असतोच, कुणीतरी वारलेला असतोच. जगात एवढी माणसं, वर्षाचे दिवस मोजकेच. त्यात दैवी काही नाही."

महाराज उठले होते. "देवाची थट्टा करणाऱ्याचा सर्वनाश..." असं काहीतरी म्हणत ते मंडपाच्या मागच्या बाजूला निघाले. नेमसिंग नाईक वाटेत उभे राहिले. "बसा," ते म्हणाले. "पोलीस येऊ द्या. तवर बसा." दिपकनं सकाळीच ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली होती.

देविदासला एवढ्यावर थांबता आलं असतं. माणसं आता त्याच्या बाजूची होती, टाळ्यासुद्धा वाजत होत्या. त्या टाळ्या त्याला सहन होईनात.

"टाळ्या नका वाजवू," तो म्हणाला. "ही माझी आई. मागच्या सभेत मी मंडपात होतो. हे सगळं मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही. आईनं घरी विचारलं, तेव्हाही अर्धंच बोललो. डोळा तिनं गमावला."

नानीबाईंनी डोक्यावरचा पदर मागं घेतला. पट्टी सगळ्यांना दिसली. "दृष्टिजल ज्यांनी ज्यांनी घेतलं," त्या म्हणाल्या, "त्यांनी आजच ते गटारात वता. आन् डोळ्याला काय झालं तर डॉक्टरणीकडं जावा. मला बी जायचं व्हतं. भेव वाटलं म्हणून गेले न्हाई, त्याला मी देवाचं नाव दिलं."

मग एक म्हातारी उठली, तिनं कमरेची बाटली काढून चौरंगावर ठेवली आणि कुणाकडे न बघता परत जाऊन बसली. मग दुसरी. कुणी बाटली ठेवताना एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हतं. नेमसिंग नाईक माइकजवळ गेले. शेवटी एवढंच म्हणाले, "कोरं हाय म्हणून मीच सांगितलं व्हतं."

पुढच्या आठवड्यात साखऱ्याकडून एक जीप भरून माणसं डॉक्टर इशरत यांच्याकडे गेली. नानीबाईंच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरला होता, त्याचं ऑपरेशन नंतर नीट झालं. त्या आता दिसतं म्हणतात, पण एकाच डोळ्यानं खोलीचा अंदाज येत नाही. पायरी उतरताना हात पुढं धरतात. देविदास घरी असला की तो हात त्याच्या हातात असतो.

वाचकहो, जन्माची तारीख कुणाचं नशीब लिहीत नाही. आपल्याकडे तर कित्येकदा ती तारीखच एखाद्या घाईत असलेल्या मास्तरानं लिहिलेली असते. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: याला हे कुठून कळलं? हळदीला लाल कोण करतं? औषधाच्या बाटलीत काय आहे? विचारल्यानं देव रागावत नाही. आणि ज्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे, चार बुकं शिकलेल्या तुम्हा-आम्हाला, त्यांना एक विनंती आहे. मंडपातच बोला. घरी जाऊन, नंतर, योग्य वेळ बघून बोलू असं ठरवाल, तोवर कुणाची तरी आई सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब घालत असेल.